दाराच्या आत आणि दाराच्या बाहेर

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



या अंकासाठी ताईंनी मला 'दत्तजयंती सप्ताहातला अनुभव' लिहायला सांगितला होता. अनुभव म्हटलं की आपण सहसा कृपेचा लिहितो. माझा अनुभव तसा आहे की नाही, हे माझं मलाच अजून नीट ठरवता आलेलं नाही. तरी लिहिते, कारण आपल्यापैकी बहुतेकजण गाडीने केंद्रात येतात आणि आपल्या घरातली मुलं-नातवंडं सायकल चालवतात. दोन्ही बाजू आपल्याच घरात आहेत.

सप्ताहातला गुरुवार होता. संध्याकाळची आरती साडेसहाची. शिरा माझ्याकडे होता, आणि तो करता करता मला निघायलाच सव्वासहा झाले. हिवाळ्याचे दिवस, अंधार पडला होता. केंद्राजवळ पोचले तेव्हा रस्त्याच्या डाव्या कडेला जागा मिळेल तिथे गाडी लावली. काचा बंद, आत भजन सुरू. डाव्या हाताने मांडीवरचा डबा धरला आणि उजव्या हाताने दार उघडलं. मागे पाहिलंच नाही.

धाडकन आवाज आला. एक सायकलवाले दारावर आदळून रस्त्यात पडले होते. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याने कशीबशी गाडी वळवली, नाहीतर पुढे काय झालं असतं ते लिहवत नाही.

आता खरं तेच सांगते. माझ्या तोंडातून पहिले शब्द निघाले ते "लागलं का?" असे नव्हते. मी म्हटलं, "दिखता नहीं क्या?"

ते उठून बसले, डावा हात उजव्या हातात धरून. म्हणाले, "दीदी, घंटी तो बजाई थी."

घंटी वाजवली होती त्यांनी. मला ऐकू आली नाही, कारण मी भजन ऐकत होते.

पुढचं थोडक्यात. दोन सेवेकरी भाऊ धावत आले, आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. ते एका कॉलनीत रात्रपाळीचे गार्ड आहेत, सातची ड्युटी. काम नाही तर पगार नाही, असं त्यांचं काम.

तिथेच एका ओळखीच्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "चार पैसे द्या आणि मोकळ्या व्हा, पोलिसात कशाला अडकता?" सल्ला प्रेमाचा होता, पण चुकीचा होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे ज्याच्या वाहनामुळे कुणी जखमी झालं, त्याने उपचाराची व्यवस्था करायची असते आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं असतं. विमा कंपनीलाही कळवायचं असतं. आपण जो सक्तीचा थर्ड पार्टी विमा भरतो, तो अशाच रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी यांच्याबरोबर ठाण्यात जाऊन आले. हात थरथरत होते, पण जाऊन आले.

त्या रात्री केंद्रातल्या दोघी-तिघींचे फोन आले. सगळ्यांचं म्हणणं एकच: "मोठं विघ्न टळलं हो, महाराजांनीच वाचवलं तुला." मीही "हो गं, खरंच" म्हटलं. बरंही वाटलं. पण रात्री झोप लागेना. वाचवलं ते कुणाला? मला तर खरचटलंही नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांच्या खोलीवर गेले. भिंतीवर देवीचा फोटो, समोर दिवा लावलेला. त्यांची बायको म्हणाली, सकाळ-संध्याकाळ लावतो. मी तिथे बसून चहा प्यायले आणि विचार करत राहिले की, ज्या घरात रोज दिवा लागतो त्या माणसाचा हात मोडला आणि माझा मोडला नाही, याला मी कृपा कशी म्हणू? कृपा काय माझ्या गाडीच्या पत्र्यात असते आणि त्यांच्या सायकलीत नसते?

*मनात वाईट नव्हतं, मग दोष कुणाचा?*

आपण नेहमी म्हणतो, हेतू शुद्ध असला की झालं. माझा हेतू तर फारच शुद्ध होता, मी प्रसाद घेऊन चालले होते. पण हाड हेतूने मोडत नाही, दाराने मोडतं.

महाभारतात उद्योगपर्वात सनत्सुजातांनी धृतराष्ट्राला केलेला उपदेश आहे. त्यात मृत्यूचं मूळ प्रमादात सांगितलं आहे. प्रमाद म्हणजे चूक असं आपण समजतो, पण मुळात त्याचा अर्थ बेसावधपणा. तिथे अर्थ आध्यात्मिक आहे, हे मला माहीत आहे. पण रस्त्यावर तो अगदी शब्दशः खरा आहे. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, म्हणजे दिवसाला साधारण ४६०. त्यांना मारणाऱ्यांपैकी कितीजणांच्या मनात मारायचं होतं? बहुतेक सगळे माझ्यासारखेच असणार. कुणाला उशीर झालेला, कुणी फोनकडे बघणारा, कुणी आपल्याच विचारात.

गाडी ताशी ४० च्या वेगाने चालली असेल तर एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. फोनवर दोन सेकंद नजर गेली की २२ मीटर आपण डोळे मिटून चालवली. आपल्या केंद्राचा हॉलही बहुधा तेवढा लांब नाही. आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून ३० ने लागलेला धक्का आणि ६० ने लागलेला धक्का या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत.

नामस्मरण करतो तेव्हा आपण काय करतो? भरकटलेलं मन परत परत जागेवर आणतो. मला वाटतं, स्टिअरिंगवर बसल्यावरची साधना तीच आहे. गाडीत भजन लावलं म्हणून साधना झाली असं नाही. त्या दिवशी माझी साधना म्हणजे ती घंटी ऐकणं होती.

*'त्यांचं प्रारब्ध' असं म्हणावं का?*

एका वडीलधाऱ्या काकूंनी माझी समजूत घालायला म्हटलं, "अगं, त्यांचं प्रारब्ध, तू निमित्त झालीस." काकूंचा मान ठेवून लिहिते की मला हे पटलं नाही.

प्रारब्ध हा शब्द औषधासारखा आहे. आपलं दुःख आपल्याला सोसवेना तेव्हा आपण तो आपल्यासाठी घ्यावा. त्या गार्डभाईंनी स्वतः म्हटलं असतं की माझ्या नशिबात होतं, तर तो त्यांचा मोठेपणा. पण दार उघडणारीने ते म्हणणं म्हणजे स्वतःचं बिल दुसऱ्याच्या खात्यावर मांडणं. दुसऱ्याच्या दुःखापाशी उभं राहून आपण फक्त आपलं कर्तव्य विचारायचं. मी त्यांचा सहा आठवड्यांचा पगार भरला, सायकलचं चाक आणि हँडल दुरुस्त करून दिलं. याला दान म्हणू नये अशी माझी विनंती आहे. हे देणं होतं.

आणखी एक प्रश्न येतो. महाराज पाठीशी असताना हेल्मेट, दिवे, रिफ्लेक्टर यांची काय गरज? असं उघड कुणी म्हणत नाही, पण मनात असतं. गाडीत फोटो लावला की सीटबेल्ट विसरणारे आपल्यातही आहेत. मी एवढंच विचारते की, अर्जुनाच्या रथावर साक्षात भगवंत सारथी होते, तरी अर्जुनाने चिलखत घातलं होतंच ना? सावध राहणं म्हणजे श्रद्धा कमी असणं नव्हे. देह हे साधनेचं साधन आहे, उसनं मिळालेलं. उसनी वस्तू आपण जास्तच जपतो.

त्याच सारथ्याची आणखी एक गोष्ट मला या दिवसांत फार आठवली. चौदाव्या दिवशी सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारायची प्रतिज्ञा होती. त्यापेक्षा मोठी घाई कुणाला असेल? तरी घोडे थकले तेव्हा भर रणांगणात रथ थांबवला. अर्जुनाने बाण मारून पाणी काढलं, श्रीकृष्णांनी स्वतः घोड्यांच्या अंगातले बाण उपटले, त्यांना पाणी पाजलं आणि मगच पुढे निघाले. मला तर फक्त आरतीची वेळ गाठायची होती. आरती काही माझ्यासाठी अडली नव्हती.

*सांभाळायचं कुणी?*

गार्डभाईंची चूक कुठे होती ते मी खूप शोधलं. खोटं कशाला बोलू, मला ती सापडायला हवी होती. पण त्यांनी मागे लाल रिफ्लेक्टर लावला होता, पुढे टॉर्च बांधला होता, डाव्या बाजूने चालले होते, घंटीही दिली. एकच गोष्ट होती, ते उभ्या गाड्यांच्या फार जवळून चालले होते. मी त्यांना तसं विचारलं. ते म्हणाले, "थोडा उधर जाओ तो बसवाला हॉर्न मारता है, दीदी. जाएँ कहाँ?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आपल्या भोपाळने उत्तर द्यायचा प्रयत्न केला होता. जून २०१७ मध्ये इथे ५०० सायकलींची सार्वजनिक योजना सुरू झाली, होशंगाबाद रोडला सायकलींसाठी सुमारे १२ किलोमीटरचा वेगळा ट्रॅक झाला. तेव्हा आम्ही मैत्रिणी हौसेने ते बघायला गेलो होतो. पुढे त्या ट्रॅकवर कितीदा गाड्या आणि ठेले उभे पाहिले! बसचा बीआरटीएस कॉरिडॉर २०१३ ला आला आणि जानेवारी २०२४ पासून तो काढायलाही घेतला. रस्ते बदलत राहतात, सायकलवाला मात्र तिथेच आहे, बस आणि उभ्या गाड्यांच्या मधल्या हातभर पट्टीत. आणि आपल्या केंद्राला गर्दी असते तेव्हा ती पट्टी कोण अडवतं, तर आपणच.

हॉलंड हा देश आज सायकलींसाठी जगात प्रसिद्ध आहे. तो पहिल्यापासून तसा नव्हता. १९७१ साली त्या छोट्याशा देशात रस्त्यांवर सुमारे ३३०० माणसं गेली, त्यात ४०० हून जास्त मुलं होती. तेव्हा आईवडील रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं 'मुलांची हत्या थांबवा'. मुलांनी नीट चालावं एवढंच सांगून ते थांबले नाहीत. रस्ते बदला, गाड्यांचा वेग कमी करा, अशी मागणी त्यांनी लावून धरली, आणि पुढच्या काळात रस्ते बदलत गेले. यातून मला एवढं कळतं की ज्याच्या हातात जास्त वजन आणि जास्त वेग, त्याच्यावर जबाबदारीही जास्त. घरात आपण हेच शिकवतो ना? मोठ्याने लहानाला सांभाळावं. रस्त्यावर गेलं की मात्र आपण उलटं बोलतो, लहानाने मोठ्यापासून स्वतःला वाचवावं म्हणतो.

*मग मुलांना सायकल द्यायची की नाही?*

माझी पुतणी नववीत आहे. तिला शिकवणीला सायकलने जायचंय. या प्रसंगानंतर जाऊबाई म्हणाल्या, "बघितलंत ना वहिनी? नकोच ती सायकल. मी गाडीने सोडेन." आईच्या काळजीला नावं ठेवणारी मी कोण! पण मी त्यांना म्हटलं, आपण प्रत्येकीने आपली मुलगी गाडीत बसवली तर आपली मुलगी सुरक्षित होते, पण रस्त्यावर एक गाडी वाढते आणि दुसऱ्या कुणाच्या मुलीचा धोका वाढतो. आपल्या सरकारकडून सहावी-नववीच्या ज्या गावाकडच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, त्यांच्या आयांकडे गाडीचा पर्याय नाही. आणि मुलगी पंधराची होईपर्यंत एकटी रस्ता ओलांडायला शिकली नाही, तर पुढे शिकणार कधी?

शेवटी असं ठरलं की बंदी नाही आणि मोकळीकही नाही, आधी शिकवायचं. चार रविवार आम्ही दोघी तिच्याबरोबर होतो. आधी कॉलनीतल्या गल्ल्या, मग वनविहारच्या आतला शांत रस्ता, मग शिकवणीचा खरा रस्ता, सकाळी लवकर. तिच्याकडून जे घोकून घेतलं ते आपल्या घरातल्या मुलांसाठीही लिहिते:

१) डाव्या बाजूनेच, वाहतुकीच्या दिशेनेच चालवायचं. जवळ पडतं म्हणून उलट्या बाजूने कधीही नाही.

२) उभ्या गाड्यांपासून एका उघड्या दाराएवढं, म्हणजे साधारण एक मीटर अंतर. तिथून जाता येत नसेल तर वेग एकदम कमी. गाडीत कुणी बसलेलं दिसलं की दार उघडेल असंच धरून चालायचं.

३) नागमोडी नाही, सरळ रेषेत. वळायच्या आधी मागे बघायचं, हात दाखवायचा, मग वळायचं. मोठ्या चौकात भीती वाटली तर उतरून सायकल हातात धरून ओलांडायचं. त्यात कमीपणा नाही.

४) बस किंवा ट्रकच्या डावीकडून घुसायचं नाही. ती डावीकडे वळली की तिची मागची चाकं आतल्या बाजूने येतात, कडेला चिकटून. तिच्या आरशात आपल्याला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही.

५) अंधार पडला की पुढे पांढरा, मागे लाल दिवा. फिकट रंगाचे कपडे. ओढणी आणि सलवारचा पायघोळ चाकापासून, साखळीपासून दूर.

६) आपलं शहर चढउतारांचं. उतारावर दोन्ही ब्रेक मिळून हळूहळू दाबायचे, नुसता पुढचा एकदम दाबला तर माणूस उलटतो. पावसात रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं निसरडी होतात.

७) हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टा लावलेला. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदलायचं. कानात इअरफोन नाही. भजनाचा सुद्धा नाही!

पुतणी म्हणाली, "काकू, इतकं सगळं मीच करायचं? आणि गाडीवाल्यांनी?" बरोबर विचारलं तिने. तुझा हक्क खरा आहे, पण गाडीवाला पाळेलच असं धरून चालू नकोस, असं तिला सांगितलं. आणि गाडीवाल्यांसाठी एकच नियम मी स्वतःला घातला आहे, तो तुम्हालाही सांगते. गाडीत उजवीकडे बसलेल्याने दार नेहमी *डाव्या* हाताने उघडायचं, आणि डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने. लांबचा हात दारापाशी नेला की खांदा आणि मान आपोआप मागे वळते, नजर मागच्या रस्त्यावर जाते. हॉलंडमध्ये ही सवय लोकांना शिकवतात. मांडीवर डबा असेल तर आधी बाजूच्या सीटवर ठेवायचा. त्या दिवशी मी एवढं केलं असतं तर हा लेखच लिहावा लागला नसता.

आणि रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच मार्गदर्शक सूचना कायम केल्या, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्याला आपलं नाव सांगण्याचीही सक्ती नाही. १०८ ला फोन करा, माणसाला एकटं सोडू नका.

आता कृपेबद्दल. मी या प्रसंगात कृपा शोधायचं सोडलेलं नाही. मला ती मोटरसायकल वेळेवर वळली यात दिसते. दोन भाऊ आरती सोडून धावत आले यात दिसते. सगळ्यात जास्त दिसते ती यात की, माझ्या 'दिखता नहीं क्या'ला त्या माणसाने शिवी दिली नाही. मी वाचले यात मात्र मला ती शोधायची नाही. वाचवलं असेल तर ते काही करण्यासाठी वाचवलं असेल, असं समजून पुढे चालायचं.

गार्डभाईंचं प्लास्टर निघालं, ते पुन्हा ड्युटीवर जातात. मनगट थंडीत अजून दुखतं म्हणतात. मी त्यांची माफी मागितली तेव्हा म्हणाले, "हो जाता है, दीदी." मला मात्र 'होऊन जातं' असं म्हणायचं नाही.

*एक विनंती:* येत्या गुरुवारपासून केंद्राबाहेर पार्किंगची सेवा सुरू करायची आहे. सायकलींची वाट मोकळी ठेवणं, गाड्या एका रांगेत लावून घेणं आणि उतरणाऱ्याला "आधी मागे बघा" असं सांगणं, एवढंच काम. दर गुरुवारी दोघे हवेत, पाऊण तास. नावं ताईंकडे द्यावीत. पहिल्या गुरुवारी मी आहे. आणि सगळ्यांनीच घरून दहा मिनिटं आधी निघावं, माझ्यासारख्या शिरा करणाऱ्यांनी तर वीस.

लिहिताना कुणाला दुखावलं असेल तर मोठ्या मनाने क्षमा करावी.

आपली,
एक सेवेकरी, अरेरा कॉलनी, भोपाळ

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥